मुंबईजवळ बिऱ्हाड करताय? आधी घड्याळ अन् बादली घेऊन जा!

‘ह्यांची मुंबईला बदली झाली’ किंवा ‘मुलाला मुंबईत नोकरी लागली’ ही बातमी घरात आली, की पेढे वाटून होतात न होतात तोच दुसरा प्रश्न दारात उभा राहतो. राहायचं कुठं? खास मुंबईत जागा घेणं आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेरचं. मग ‘मुंबईजवळ बघू’ असं ठरतं. पण मैत्रिणींनो, हा ‘जवळ’ शब्द मोठा फसवा आहे बरं का! ठाणंही मुंबईजवळ, विरारही मुंबईजवळ आणि कर्जतही मुंबईजवळच. आगगाडीनं मोजलंत तर पहिलं ३४ किलोमीटरवर, दुसरं ६० वर आणि तिसरं १०० वर!

घरातली पुरुषमंडळी जागा बघायला निघतात ती चौरस फुटांचा भाव विचारायला. त्यांचं चुकतं असं नाही, पैशाचं सोंग कुणाला आणता येतं? पण जागा स्वस्त का, याचं उत्तर पुष्कळदा घरातल्या बाईच्या दिवसात दडलेलं असतं. पाणी पहाटे चारला येत असेल तर उठायचं कुणी? सातची गाडी गाठायची तर डबा किती वाजता भरायचा? मुलाला ताप आला आणि हे तिकडे फोर्टात, तर डॉक्टरकडे न्यायचं कुणी? म्हणून माझं सांगणं एवढंच, की जागेची किंमत रुपयांत काढाच, पण ती तासांतही काढा.

जिल्हा एक, लाइन दुसरी

मुंबईभोवती तीन जिल्हे येतात. ठाणे, पालघर आणि रायगड. आणि मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या मुख्य लाइनीही तीन. मध्य, पश्चिम आणि हार्बर. आपल्याला वाटतं, एका जिल्ह्याला एक लाइन. तसं मुळीच नाही. पश्चिम रेल्वेवरचं मीरा रोड आणि भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण वसईची खाडी ओलांडली, की नायगावपासून पालघर जिल्हा सुरू. मध्य रेल्वेवर बदलापूर, वांगणी ठाणे जिल्ह्यात, तर त्याच गाडीनं पुढं गेलं, की नेरळ, कर्जत रायगड जिल्ह्यात. नवी मुंबईचंही तेच. वाशीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा आणि पुढचं खारघर, कामोठे, पनवेल रायगडात.

‘आम्हाला जिल्ह्याशी काय करायचंय?’ असं तुम्ही म्हणाल. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला तालुक्याला मिळतो हे खरं. पण मुलाच्या जातपडताळणीचं काम निघालं, ग्राहक आयोगाकडे तक्रार न्यायची झाली, कोर्टाची पायरी चढावी लागली किंवा तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असलात, तर जिल्ह्याचं ठिकाण कुठं आहे याला महत्त्व येतं. डोंबिवली-कल्याणवाल्यांना ठाणं मुंबईच्या वाटेवरच लागतं. वसई-विरारवाल्यांना मात्र मुंबईकडे पाठ करून पालघरला जावं लागतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याच्या लोकांची त्यानं सोय झाली, पण वसईहून पालघर ३९ किलोमीटर उत्तरेला आहे. पनवेलकरांचं जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, आणि तिथं तर प्रवासी रेल्वेच जात नाही. एसटी नाहीतर स्वतःचं वाहन. म्हणजे एका कामाला अख्खा दिवस!

आमच्या घरची तीन बिऱ्हाडं

योगायोग असा, की आमच्या नात्यात तिन्ही जिल्ह्यांत एकेक घर आहे. मी कल्याणला, आमच्या वन्सं वसईला आणि माझी धाकटी बहीण कामोठ्याला. गणपतीत एकत्र जमलो, की ‘आमचं गाव बरं की तुमचं’ यावर मोदक वळता वळता वाद रंगतो. त्यातलं जे खरं निघालं, ते तुम्हाला सांगते.

ठाणे जिल्ह्याचं पहिलं सुख म्हणजे गाड्या. १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. कल्याण ५३-५४ किलोमीटरवर असलं तरी फास्ट लोकल तासाभरात, फार तर सव्वा तासात पोचवते. गावं जुनी असल्यामुळं शाळा, कॉलेजं, दवाखाने, वाणी, शिंपी, सगळं हाताशी. वाचनाची आवड असलेल्यांना कल्याणचं १८६४ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचं १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. नाटकासाठी मुंबई गाठायला नको. ठाण्यात गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, कल्याणात अत्रे रंगमंदिर.

आणि दुःख म्हणजे गर्दी. तिचं वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं खाली पडून मृत्युमुखी पडली, त्या दिवशी आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घरातून फोन लावले जात होते. घरचं माणूस रात्री दारात दिसेपर्यंत जीव टांगणीला लागतो, हीसुद्धा जागेची एक किंमतच आहे. ती कुठल्या जाहिरातीत छापलेली नसते.

वन्सं मात्र वसई सोडायला तयार नाहीत. सकाळी वाडीतली ताजी भाजी, सुकेळी, ताजी मासळी, केळीच्या बागा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला पाहुण्यांना दाखवायला. हवा अजून मोकळी. वसई स्टेशन चर्चगेटपासून ५२ किलोमीटर. गाडी विरारहून सुटते, त्यामुळं वसईला येईतो ती भरलेली असते, आणि उतरायच्या वेळी दाराशी पोचणं ही एक विद्याच आहे म्हणतात! पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ रोजी महिला विशेष लोकल सुरू केली. पुढं ती विरारपर्यंत नेली. नोकरी करणाऱ्या बायकांना तिचा मोठाच आधार. विरारच्या पुढं, पालघर-बोईसर-डहाणूकडे लोकल जाऊ लागल्या त्या २०१३ मध्ये. मात्र तिकडं गाड्यांची संख्या थोडी. एक चुकली, की पुढचीची वाट बघत बसायचं. नोकरी बोईसर-तारापूरच्या कारखान्यात असेल तर तो भाग सोयीचा, रोज मुंबई गाठायची असेल तर दहादा विचार करावा.

बहिणीचं कामोठे रायगड जिल्ह्यात. रस्ते आखीव, सेक्टर-सेक्टरनं वसवलेली वसाहत, बागा, रुंद पदपथ. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली ती अशी आखलेली नवी मुंबई उभी करायलाच. पनवेलहून गाडी सुटत असल्यामुळं सकाळी बसायला जागा मिळते. पण हार्बरची प्रत्येक लोकल धीमी! पनवेल ते सीएसएमटी, म्हणजे आपली जुनी व्हीटी, ४९ किलोमीटरला सव्वा तासाहून जास्त. कल्याणहून अंतर कमी, वेळ मात्र अधिक. म्हणून किलोमीटर विचारू नका, मिनिटं विचारा.

पाळणाघर साडेसातला बंद

बहिणीची हकिगत सांगायला हवी, कारण ती खूपजणींची आहे. ब्लॉक घेतला तेव्हा मेहुण्यांचं ऑफिस वाशीला म्हणून कामोठे ठरलं. तिची नोकरी फोर्टात, तिचा हिशेब कुणी केलाच नाही. तिनंही नाही. ऑफिस सुटायचं साडेपाचला, गाडी मिळायची सहाच्या सुमारास, उतरून रिक्षा करून पाळणाघरी पोचेतो साडेसात. आणि पाळणाघर बंद व्हायची वेळही साडेसात! गाडी दहा मिनिटं रखडली, की बाई दाराला कुलूप लावून लेकराला कडेवर घेऊन पायरीवर उभी. तीही बिचारी दिवसभर दमलेली. कुणाला बोल लावायचा? आठ महिन्यांनी बहिणीनं राजीनामा दिला. मग वर्षभरानं बेलापूरला नोकरी धरली. पगार पहिल्यापेक्षा कमी, पण सहाला घरी. ती म्हणते, ‘ताई, पगार कमी झाला तो दिसतो, पण लेक संध्याकाळी माझ्या हातचा वरणभात खाते, त्याचा हिशेब कुठं मांडू?’

म्हणून नवऱ्याचं ऑफिस आणि तुमचं काम, दोन्ही ठिकाणं कागदावर लिहा. तुम्ही आज नोकरी करत नसाल तरी उद्या करायची झाली तर जवळपास काय आहे, तेही बघा. शिकवण्या, शाळा, दवाखाना, कारखाना, काहीही. माझी अर्धवेळ शिक्षिकेची नोकरी घरापासून पंधरा मिनिटांवर आहे म्हणूनच टिकली, हे मी रोज मनाशी म्हणते.

आता एक सोपं गणित. दोन गावांच्या प्रवासात जाताना अर्धा तास नि येताना अर्धा तास एवढाच फरक आहे असं समजा. दिवसाला एक तास. महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले तर पंचवीस तास, वर्षाचे तीनशे. म्हणजे साडेबारा दिवस आणि साडेबारा रात्री! स्वस्त जागेत वाचलेले पैसे एका बाजूला मांडा आणि हे साडेबारा दिवस दुसऱ्या बाजूला. मग ठरवा. कधी लांबची जागाच परवडते, त्यात कमीपणा काही नाही. फक्त काय देतो आहोत, हे ठाऊक असावं.

पाण्याचा मालक कोण?

धरण जिल्ह्यात आहे म्हणून पाणी आपल्या नळाला येईल, असं समजू नका. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन बसतात. मोरबे धरण रायगड जिल्ह्यात, पण मालकी नवी मुंबई महापालिकेची. वसई-विरारला सूर्या धरणाचं पाणी, सिडकोच्या वसाहतींना हेटवण्याचं, बदलापूरला उल्हास नदीचं. प्रत्येक गावाचं पाणी वेगळ्या हातातून येतं.

जागा दाखवणारा दलाल ‘पाण्याचा प्रश्नच नाही’ असं म्हणेल. त्याला मान डोलवा आणि शेजारच्या जिन्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईंना विचारा. पाणी कधी येतं, किती वेळ, मे महिन्यात सोसायटी टँकर मागवते का, आणि त्याचे पैसे मासिक वर्गणीत येतात की वेगळे. स्वयंपाकघरातला नळ सोडून बादली लावा अन् घड्याळात बघा भरायला किती वेळ लागतो ते. हसतील तुम्हाला, हसू द्या!

पावसाळ्यात बघा, रात्री बघा

जागा बहुधा दिवाळीनंतर बघितली जाते. तेव्हा सगळंच छान दिसतं. खरी परीक्षा जुलैत. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून पश्चिम रेल्वे बंद पडली होती. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. म्हणून तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का, मीटरची पेटी जमिनीपासून किती उंच लावली आहे, हे बघून घ्या. उंच लावली असेल तर त्यामागं काहीतरी अनुभव असतो!

कारखान्यांचंही बघा. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये भीषण स्फोट झाले, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. तळोज्याच्या बाजूला जागा बघत असाल तर एकदा रात्री जा आणि खिडकी उघडून हवेचा वास घ्या.

सोनं मोडण्याआधी कागद बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे घर घेताना बाईच्या पाटल्या, गोठ मोडले जातात. ते मोडून उभं राहिलेलं घरच बेकायदा निघालं तर? हे काही कल्पनेतलं नाही. कल्याण-डोंबिवलीत महारेराची नोंदणी खोट्या कागदांवर मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जमिनीवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. त्यांत राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, विजेची बिलं भरली होती, मुलं शाळेत घातली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक बेकायदा इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. ती २०१२ च्या सुमारास बांधलेली, म्हणजे जुनीही नव्हती.

तेव्हा तीन कागद मागा. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. नव्या बांधकामाची महारेरा नोंदणी मोबाईलवर बघता येते, पण डोंबिवलीची गोष्ट लक्षात ठेवून महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन परवानगीचा क्रमांक ताडून घ्या. वीजमीटर आणि घरपट्टीची पावती म्हणजे इमारत कायदेशीर असल्याचा पुरावा नव्हे. वकिलाची फी जड वाटेल, पण ती एका पाटलीच्या घडणावळीपेक्षा फार नसते!

आणि हो, घर फक्त स्त्रीच्याच नावावर घेतलं तर आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. सवलत घ्यायची की नाही ते घरात बसून ठरवा, पण सोनं तुमचं मोडलं असेल तर करारनाम्यावर तुमचं नाव हवंच, हे मात्र हसतमुखानं आणि ठामपणे सांगा.

‘लवकरच’वर घर घेऊ नका

जाहिरातीत ‘लवकरच मेट्रो’, ‘लवकरच विमानतळ’ असं असतंच. बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन मे २०११ मध्ये झालं आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल तोवर बारावी होऊन गेलं! नवी मुंबईच्या विमानतळाची कोनशिला फेब्रुवारी २०१८ मध्ये बसली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. उरणपर्यंतची लोकल आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये आले. आले, चांगलंच झालं. पण आज जे धावतं आहे त्यावर घर घ्यावं, उद्या जे येईल ते वरकमाई समजावं.

माहेर कुठल्या दिशेला?

ही गोष्ट पुरुष कधी विचारात घेत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. आई-वडील, सासू-सासरे थकलेले असतात, कधी हाक येईल सांगता येत नाही. माणसं नाशिक-जळगावकडे असतील तर कल्याण बरं, लांबच्या बहुतेक गाड्या तिथं थांबतात. कोकणात असतील तर पनवेल, कोकण रेल्वे आणि गोव्याचा महामार्ग दोन्ही तिथून. पुणे-सातारा-सांगलीकडच्यांना कळंबोलीहून द्रुतगती मार्ग धरता येतो. डहाणू-तलासरी किंवा गुजरातकडे माणसं असतील तर वसई-विरार. एरवी सणाला जाणं सोयीचं आणि अडीअडचणीला धावणं शक्य होतं.

जागा बघायला जाताना

शेवटी, कात्रण काढून ठेवावं अशी ही छोटी यादी :

* रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी आठच्या गाडीनं एकदा मुंबईला जा आणि संध्याकाळी सहाला परत या. स्वतः!
* स्टेशन ते घर किती मिनिटं, रात्री दहानंतर रिक्षा मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का, ते बघा.
* शाळेत जागा आहे का, हे आधी विचारा. तिन्ही जिल्हे परीक्षा मंडळाच्या मुंबई विभागात आणि मुंबई विद्यापीठातच येतात, त्यामुळं जिल्हा बदलला म्हणून मुलांचं नुकसान नाही. मात्र वर्षाच्या मध्यावर बदलू नका.
* रात्री उघडा असणारा औषधवाला आणि प्रसूतीची सोय असलेला दवाखाना कुठं, ते पाहा.
* आणि जमलं तर आधी अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्यानं राहा. त्यात एक पावसाळा अन् एक उन्हाळा आला पाहिजे.

एवढं सगळं पाहून तुम्ही जे गाव निवडाल ते तिन्ही जिल्ह्यांत कुठलंही असो, तुमच्यासाठी तेच बरं असेल. वन्सं वसईत सुखी आहेत, बहीण आता कामोठ्यात रमली आहे आणि मला कल्याण सोडवत नाही. परिपूर्ण असं गाव कुठंच नसतं. पण ह्यांच्या ऑफिसला कुठली गाडी सोयीची, एवढंच बघून जागा ठरत असेल तर एकदा हा अंक त्यांच्यापुढं ठेवा अन् म्हणा, ‘अहो, आता माझंही घड्याळ बघा!’